वरचा पूल

१

पूल पडला तेव्हा गावसमितीच्या चिटणीसबाई आरशासमोर उभ्या राहून केस विंचरत होत्या. कपाटातली सगळी भांडी कुणीतरी एकदम खाली लोटावीत तसा आवाज झाला. बाईंनी फणी तशीच केसांत ठेवली, पायांत सापडतील त्या चपला घातल्या आणि ओढ्याकडे धाव घेतली. एक चप्पल नवऱ्याची होती, हे त्यांच्या ध्यानात दुपारी आलं. तोवर गावात कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं, त्यामुळे कुणी हसलंही नाही.

लाकडी पुलाची मधली तुळई मोडली होती. दूध गोळा करणारी गाडी तोंड खाली करून ओढ्यात उभी होती आणि रिकाम्या किटल्या पाण्यावर एकमेकींवर आपटत चालल्या होत्या. लोकांनी गाडी चालवणाऱ्या पोराला बाहेर काढलं. उजव्या पायाकडे बघवत नव्हतं. तो पोरगा म्हणजे बाईंचा सख्खा पुतण्या, समितीच्या मुकादमाचा एकुलता एक मुलगा.

आता या गावाची ठेवण सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गाव लांबट आहे. ओढ्याच्या अलीकडच्या काठाने एकच रस्ता जातो आणि घरं, दुकानं, समितीची कचेरी सगळं त्या रस्त्यावर एका रांगेत बसलंय. ओढ्यावर पूल दोन. पाणी जिकडून येतं त्या अंगाचा लाकडी, तो वरचा पूल. पाणी जिकडे जातं त्या अंगाचा दगडी, तो खालचा पूल. दुकान वर, दवाखाना त्याहून वर, शाळा आणि गिरणी खाली. मूल रांगायला लागलं की त्याला वर आणि खाली एवढंच शिकवतात, आणि त्यावर त्याचं सगळं आयुष्य निघतं.

आदल्याच दिवशी एक इंजिनिअर येऊन वरच्या पुलाची तुळई ठोकून बघून गेला होता. कुजली आहे म्हणाला, माणसं चालू देत, गाड्या बंद करा. बाईंनी कचेरीबाहेरच्या फळ्यावर खडूने ठळक लिहिलं, ‘वरचा पूल धोक्याचा, वाहनांस बंद.’ आणि अडथळा लावायचं काम मुकादमाला सांगितलं. अडथळा म्हणजे वाळूने भरलेली दोन पिंपं, त्यांवर आडवी लाल-पांढरी फळी आणि एक कंदील. पलीकडे गाडी कुणाकडेच नाही, त्यामुळे अलीकडच्या तोंडाला तो लावला की काम झालं.

पण मोडलेल्या पुलाच्या तोंडाशी पिंप नव्हतं, फळी नव्हती, काहीच नव्हतं. तेवढ्यात गिरणीवाला खालून धापा टाकत आला आणि शंभर माणसांपुढे ओरडला, "तो अडथळा माझ्या दारात कुणी आणून लावलाय? खालचा पूल काय पडतोय का?"

सगळ्यांच्या माना मुकादमाकडे वळल्या. मुकादम गुडघाभर पाण्यात उभा होता. तो म्हणाला, "मी वरच्याच पुलाला लावला होता." एवढं बोलून तो मुलाला घेऊन चाललेल्या बाजेच्या मागे चालू लागला. त्याचं बोलणं तिथे जे संपलं ते संपलंच.

२

दवाखान्यात पाय बांधून होईपर्यंत दुपार झाली. डॉक्टर म्हणाला पाय वाचेल, चालेलही, पण घाई करू नका. बाई खोलीत गेल्या तर बाप खिडकीपाशी उभा, मुलगा भिंतीकडे तोंड करून निजलेला, आणि मधे स्टुलावर बाईंची जाऊ. तिने सकाळपासून नवरा आणि मुलगा यांच्यात निरोप्याचं काम केलं होतं आणि आता ती रडकुंडीला आली होती.

बाईंनी पुतण्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हळूच म्हणाला, "काकू, फळी नव्हती. बाबांनी फळी लावली नाही म्हणजे पूल चांगला, असं धरून मी गाडी घातली."

बापाने हे ऐकलं. काही तरी बोलेल म्हणून बाईंनी वाट पाहिली. तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाईंच्या मनात आलं की याला धरून गदगदा हलवावं. या घरातल्या पुरुषांना परमेश्वराने जीभ दिली आहे ती फक्त जेवणाची चव कळावी म्हणून, असं त्यांचं लग्न झाल्यापासूनचं मत होतं.

बाहेर आल्या तर दारात समितीच्या अध्यक्षांची जीप. अध्यक्ष म्हणजे भारदस्त माणूस. त्यांचे वडील अध्यक्ष होते, म्हणून हेही झाले. आठवड्यातून एकदा कचेरीत येऊन बसायचे, आपल्या मातीविषयी गहिवरून बोलायचे आणि दिवेलागणीला जायचे. जीपमध्ये कायम तीन-चार दणकट बाप्ये असत. त्यांचं काम काय, हे कुणालाच माहीत नव्हतं.

अध्यक्ष म्हणाले, उद्या दुपारी सभा. मुकादमाला कामावरून काढायचा ठराव मांडणार. लोक चिडलेत, काहीतरी केलेलं दिसलं पाहिजे. मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि बाई, दिराची बाजू घेऊ नका. तुमच्यावरही बोट येईल." जाता जाता त्यांनी आणखी एक काम गळ्यात घातलं. मोडलेलं लाकूड वाहून जायच्या आत काढा आणि वर शाळेच्या आवारात नेऊन टाका, म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. रस्त्यात मुकादमाचा गडी भेटला, त्याला त्यांनी सांगितलं, लाकूड काढून खाली शाळेत टाक. गडी म्हणाला, "बाई, अडथळा वरच्याच पुलाला लावला होता हो. मीच फळी धरली होती."

"हे सभेत सांगशील?"

"सांगीन. पण मी मुकादमाचा गडी. माझं कोण ऐकतंय?"

बरोबर होतं त्याचं. बाईंनी नवऱ्याची चप्पल फरफटवत दुकानाची वाट धरली.

३

दुकान वरच्या पुलाच्या अगदी तोंडाशी. पूल धोक्याचा म्हटल्यावर पलीकडचे लोक चालतही येणार नाहीत, गिऱ्हाईक आटणार, म्हणून गावाचा पहिला संशय दुकानवाल्या मावशीवर होता. हे मावशींना माहीत होतं. त्यांनी बाईंना बघताच तराजू खाली ठेवला आणि आधी स्वतःच सगळं ऐकवून टाकलं. होय, काल दुपारी अडथळा इथेच होता. होय, त्यांनी मुकादमाला चार शब्द सुनावले होते. पण त्यानंतर गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून उन्हं कलल्यावर दुकान बंद करून त्या लेकीकडे गेल्या आणि आज सकाळीच परतल्या.

"मग हे सकाळी का नाही सांगितलंत सगळ्यांपुढे?"

"म्हणजे मग तो हलवला कुणी, तेही मलाच विचारतील. वाळूची पिंपं ती. मी हलवीन? मला तेलाचा डबा हलत नाही."

तेही बरोबर. या प्रकरणात जो तो बरोबर बोलत होता आणि त्याने बाईंचं डोकं उठलं होतं. एक मात्र पक्कं झालं. भाऊजींनी अडथळा जिथे लावायचा तिथेच लावला होता, आणि मावशी गेल्यावर तो कुणीतरी उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाला नेला होता.

मग गिरणीवाला. त्याचं आणि मुकादमाचं गटारावरून जुनं हाडवैर. मुकादमाला गोत्यात आणायला हा काहीही करील, असं अर्धं गाव म्हणत होतं. गिरणीवाला पिठाने पांढराफटक, रागाने लालबुंद. खालचा पूल अडवल्यामुळे त्याच्या धान्याच्या गाड्या सकाळी पलीकडे जाऊ शकल्या नव्हत्या. त्याने बाईंना पुलाकडे ओढतच नेलं. अडथळा लोकांनी एका बाजूला सारला होता, पण काय कसं होतं ते तो हातवारे करून सांगू लागला.

"पिंपं कशी होती? एका रेषेत. फळीला दोरी कशी? दोन्हीकडे छान गाठी मारून. कंदील पेटवलेला, काच पुसलेली. तुमच्या दिराला आजवर कधी काच पुसताना बघितलंय? तो फळीवर दगड ठेवतो आणि जातो. एवढं टापटीप काम त्याचं नाही, हे मी, त्याचा वैरी, सांगतोय."

"सभेत सांगाल?"

"त्याच्यासाठी? मुळीच नाही."

आणि त्याने गिरणीचं दार आतून लावून घेतलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कचेरीत आल्या, सभेची तयारी म्हणून टेबल पुसू लागल्या आणि पुसता पुसता थांबल्या. पुसलेली काच त्यांच्या डोक्यातून जात नव्हती.

ज्याला वरच्या पुलावरून गाडी न्यायची असेल तो काय करील? पिंपं बाजूला लोटील आणि जाईल. ज्याला मुकादमाला गोत्यात आणायचं असेल तो पिंपं ओढ्यात ढकलून देईल. एवढा मोठा बोजा उचलून, कचेरीवरून नेऊन, पार दुसऱ्या पुलाशी नीट मांडायचा, गाठी मारायच्या, कंदील पुसून पेटवायचा, ही सगळी यातायात कोण करतो? ज्याला तो पूल खरोखर बंद करायचा आहे तो. लोक पडू नयेत, अपघात होऊ नये, म्हणून. म्हणजे आपण शोधतोय तो माणूस दुष्ट नाहीच. तो सार्वजनिक काम करत होता.

बाई खुर्चीत बसल्या. हे तर चोराहून वाईट. चोर शोधता येतो. भलं करायला निघालेला माणूस कसा शोधायचा?

पण असा कोण आहे, की ज्याने फळ्यावर ‘वरचा पूल’ वाचलं आणि तो खाली जाऊन दगडी पुलाला अडथळा लावून आला? गावात शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. आणि परका माणूस समितीची पिंपं उचलायची हिंमत करणार नाही. शिवाय ती उचलायला गाडी हवी, दोन-चार दणकट हात हवेत.

बाईंनी टेबलावरून नजर उचलली. समोर अध्यक्षांची खुर्ची, आणि खुर्चीच्या मागे भिंतीवर गावाचा मोठा नकाशा. वर्षानुवर्षं त्या त्यावरची जळमटं काढत होत्या. कधी नीट बघितला नव्हता, कारण ज्या गावात आपण राहतो त्याचा नकाशा कशाला बघायचा? नकाशात उत्तर माथ्याला होती, सगळ्या नकाशांत असते तशी. ओढा उत्तरेकडे वाहत होता. त्यामुळे कागदावर गिरणी, शाळा आणि दगडी पूल अगदी वरच्या टोकाला होते, आणि लाकडी पूल तळाशी.

‘वर शाळेच्या आवारात नेऊन टाका.’

बाईंचे कान तापले. हे वाक्य त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि गड्याला सांगताना आपोआप ‘खाली’ करून सांगितलं होतं. आपल्या मातीविषयी गहिवरून बोलणारा हा माणूस राहतो शहरात. त्याच्या गावातल्या घराला कुलूप. शहराचा रस्ता वरच्या अंगाने येतो, म्हणजे तो जीपमधून कचेरीपर्यंत येतो, नकाशाखाली बसतो आणि आला तसा परत जातो. हे गाव त्याने भिंतीवरच पाहिलंय. आणि परवा त्याचा कचेरीत बसायचा दिवस होता.

कळलं होतं सगळं. पण हे सभेत म्हणायचं कुणी? मुकादमाच्या वहिनीने? लोक हसले असते. या विचारात दुपार झाली आणि बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला.

५

सभेला सगळे सभासद आले होते. खिडक्यांत गाव उभं होतं. मुकादम दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता, आणि गडी त्याच्या शेजारी. अध्यक्षांनी अपघाताबद्दल दुःख व्यक्त केलं, ते बराच वेळ चाललं. मग म्हणाले, "ठराव लिहा."

बाई शांतपणे म्हणाल्या, "ठराव तुम्हीच सांगा, साहेब. अक्षर न् अक्षर. मी माझ्या शब्दांत लिहिला तर म्हणतील दिराला सांभाळून घेतलं."

अध्यक्षांना हे फार आवडलं. ते उभे राहिले, हात मागे बांधले आणि सांगू लागले, "काल सकाळी गावातील खालचा पूल कोसळून एक इसम जखमी झाला. सबब..."

एक म्हातारे सभासद पेंगत होते ते जागे झाले. "खालचा? खालच्यावरून तर मी आत्ता आलो."

"खालचाच," अध्यक्ष म्हणाले.

"अहो, वरचा पडला."

खिडकीतून कुणीतरी हसलं. अध्यक्ष चिडले. त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि नकाशावर टेकवली. "हा वर. हा खाली. आणि हा खालचा पडलेला आहे. एवढंही तुम्हाला सांगायला लागतं?"

सभासद काठीकडे बघत होते, मग एकमेकांकडे, मग पुन्हा काठीकडे. गिरणीवाला खिडकीत कोपरं टेकून उभा होता, त्याचं तोंड उघडंच राहिलं.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "साहेब, परवा जाताना पिंपं तुम्हीच नेलीत ना?"

अध्यक्षांनी क्षणभर विचार केला. आणि मग, काय सांगावं, त्या माणसाची छाती फुगली. "नेली. का नाही नेणार? फळ्यावर लिहिलंय वरचा, आणि तुमचा माणूस अडथळा लावून बसला खालच्याला. माझं लक्ष गेलं म्हणून. जीप मागे फिरवली, माझी माणसं लावली, स्वतः उभं राहून नीट लावून घेतला. कंदीलसुद्धा पुसायला लावला मी."

"मग काल का नाही सांगितलंत?"

इथे अध्यक्षांची छाती थोडी खाली बसली. "पडला तो भलताच पूल. मला वाटलं फळ्यावरच चुकीचं लिहिलं गेलंय. तुमची चूक, बाई. तुमचं नाव नको यायला म्हणून मी गप्प राहिलो."

"म्हणजे ज्या पुलाला मुकादमांनी अडथळा लावला होता, तोच पूल पडला, हे तुम्हाला कालपासून माहीत होतं. तरी त्यांना काढायचा ठराव?"

"कुणाला तरी काढावं लागतंच ना, बाई," अध्यक्ष म्हणाले. हे ते अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, आणि म्हणूनच खोलीतल्या प्रत्येकाला ते लागलं.

बाईंचा कालपासून दाबून ठेवलेला संताप वर आला. त्यांना ओरडायचं होतं, पण ओरडायला लागलं की त्यांना रडू येतं आणि ते त्यांना या माणसापुढे नको होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्याच्या पायाचं काय व्हायचं ते होईल, साहेब. पण तो पोरगा काल सकाळपासून बापाचं तोंड बघत नाही. बापाने हयगय केली म्हणून आपण पडलो, असं तो धरून बसलाय. ते त्याच्या मनातून तुम्ही जाऊन पुसायचं. सभेचं नंतर बघू."

म्हातारे सभासद उठले आणि त्यांनी अध्यक्षांच्या हातातली काठी काढून घेतली. ठराव बारगळला. नवा ठराव काय करायचा आणि खुर्चीवर कुणाला बसवायचं, यावर मागे जोरदार भांडण सुरू झालं. बाई थांबल्या नाहीत. दारात त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "दवाखाना वर आहे. तुमच्या हिशेबाने खाली. चला माझ्या मागून."

६

खोलीत जाऊ तशीच स्टुलावर होती. मुलगा तसाच भिंतीकडे तोंड करून. मुकादम आत यायला तयार नव्हता. बाईंनी त्याला दंडाला धरून आत आणलं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

अध्यक्षांनी घसा साफ केला. आधी ते मातीविषयी बोलू लागले. बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते मातीवरून थेट पिंपांवर आले. मग मात्र त्यांनी सगळं सांगितलं, अडखळत, मान खाली घालून. अडथळा वरच्याच पुलाला होता. मुकादमाने बरोबर लावला होता. तो मी काढून नेला. पुन्हा पुन्हा रुमालाने मान पुसत ते बोलत होते आणि या वेळी त्यांची बाईंना थोडी कीवच आली. बोलणं संपल्यावर त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. ते निघून गेले.

मुलाने सावकाश मान वळवली. त्याचे डोळे सुजले होते. बापाकडे बघत तो चिडूनच म्हणाला, "तुम्ही लावला होता, तर मला सांगायचं नाही का?"

मुकादम टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुझा पाय तसा. मी तुला काय सांगत बसू, की माझी चूक नाही म्हणून?"

"सांगायचं, बाबा."

"तू विचारलं नाहीस."

जाऊने कपाळावर हात मारून घेतला. बाई म्हणाल्या, "ऐकलंस? अशी ही माणसं. एकाने विचारायचं नाही, दुसऱ्याने सांगायचं नाही, आणि तू निरोप वाहायचे, मी गावभर पायपीट करायची." बोलता बोलता जे रडू सभेत आवरलं होतं ते इथे आलं.

मुलगा दोन्ही हात टेकून, बांधलेला पाय जपत, खाटेवर इंच इंच भिंतीकडे सरकला. दुखल्यामुळे त्याच्या तोंडून एक शिवी गेली. खाटेच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली.

मुकादमाने टोपी खिडकीत ठेवली आणि तो तिथे बसला.